लेखांक ७ : मात्रा मोजणारे यंत्र

कविता लिहायला लावणाऱ्या ऑनलाइन खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार: एक ओळ लिहून देतो, दुसरा आपली ओळ मोजतो. पहिल्याबद्दल मागच्या लेखांकात पाहिले. माणसाला खऱ्या अर्थाने लिहिते करतो तो दुसरा, असे माझे म्हणणे आहे. भुजंगप्रयात घ्या. मनाचे श्लोक याच वृत्तातले. लघु-गुरू-गुरू हा ‘य’ गण चार वेळा, म्हणजे बारा अक्षरे, वीस मात्रा. समजा, कुणी लिहिले: ‘सकाळी नदीच्या किनारी बसावे’. मात्रा चोख, पण नदी कुठलीही. नाशिककराला गोदावरीच हवी, म्हणून तो ‘नदीच्या’ऐवजी ‘गोदेच्या’ लिहितो आणि यंत्र ‘गो’वर बोट ठेवते, तिथे लघु अक्षर हवे. मग खटपट करता करता हाती लागते: ‘सकाळीच गोदातटाशी बसावे’. मात्रेपुरता आलेला ‘च’ ओळीला ठामपणा देऊन गेला. हा शोध लिहिणाऱ्याचा. यंत्राने फक्त अडवले.

अडवायचे तर नियम मात्र आपल्या भाषेचा हवा. कानपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांचे ‘छंदोज्ञानम्’ संस्कृत पद्याचे वृत्त ओळखते, ओळीत चूक असली तरी जवळचे वृत्त सुचवते. मराठीला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हा संस्कृतचा नियम. ‘सत्य’मधल्या ‘स’ला तो लागू पडतो, पण ‘तुझ्या’मधला ‘तु’ आघात नसल्याने लघुच राहतो. शिवाय ‘स्त्री’ हे कानाला एक अक्षर, संगणकाच्या हिशेबी मात्र सहा चिन्हे. इतके सांभाळणारे साधन हाती आले, तर खेळता खेळता छंदशास्त्राची तोंडओळख होईल.

मात्रा जुळल्या म्हणून कविता होते का, हा आक्षेप रास्त आहे. नाही होत. पण उखाणे आणि समस्यापूर्ती यांनीही महाकवी घडवण्याचा दावा केला नव्हता; चारचौघांत शब्द जुळवण्याचा संकोच त्यांनी घालवला. दुसरा आक्षेप मुक्तछंदाचा: वृत्ते आता हवीत कशाला? १९४७च्या ‘काही कविता’त मर्ढेकरांनी ओवी-अभंगाच्या जुन्या साच्यांतच यंत्रयुगाची घुसमट मांडली. साचा जुना असला म्हणून आशय जुना होत नाही. आणि तो मोडायचा तर आधी कानात बसलेला हवा. तिसरा आक्षेप सर्वांत ताजा: कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात निर्दोष वृत्तबद्ध ओळ देत असेल, तर एवढी खटपट कोण करील? ज्याला फक्त ओळ हवी, तो नाहीच करणार. पण वरच्या उदाहरणात ‘च’ सापडला तो खटपटीतच. म्हणून २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, नाशिकच्या शाळांनी पाठांतराच्या स्पर्धेबरोबर एक मोडकी ओळ फळ्यावर लिहावी आणि ती मुलांना दुरुस्त करू द्यावी. मोजायला यंत्र नसले तरी बोटे पुरतील.