पार्किन्सन्सचा 'पंप': कॅप्सूल गिळायची नाही, ओढायची

पार्किन्सन्सच्या घरांत आता एक नवीन प्रश्न येऊ लागलाय. परदेशातला मुलगा किंवा मुलगी येताना एक खोका घेऊन येते. आत एक छोटं यंत्र आणि कॅप्सूलच्या पट्ट्या. "बाबांची गोळी उतरली की हा पंप द्या," एवढंच सांगून ती परत जाते. मागे राहतात आई, बाबा आणि इंग्रजी माहितीपत्रक. आजचा भाग त्यांच्यासाठी.

या औषधाचं नाव इनब्रिजा. त्यात लेव्होडोपाची कोरडी पावडर असते. अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये आणि युरोपात २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. लेव्होडोपा तुमच्या ओळखीचाच, रोजच्या गोळीत तोच असतो. मग ओढून घ्यायचा कशाला? पार्किन्सन्समध्ये पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे गोळी पोटातच पडून राहते. डाळ, अंडी, पनीर यांतली प्रथिनंही तिची वाट अडवतात. तोवर माणूस खुर्चीत जखडलेला, यालाच 'ऑफ' म्हणतात. फुप्फुसातून गेलेलं औषध ही वाट टाळून सरळ रक्तात जातं. चाचण्यांमध्ये ३० मिनिटांनी हालचालीतला फरक मोजला गेला.

पण या पावडरीत कार्बिडोपा नाही. रोजच्या गोळीत तो असतो आणि लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी वाटेत खर्च होऊ देत नाही. म्हणून पंप आला की गोळी बंद, असं अजिबात करू नका. गोळी वेळेवर चालूच राहते, पंप फक्त मधल्या ऑफसाठी. गोळ्या एकदम थांबवल्या तर जोराचा ताप, अंग ताठरणं, गोंधळणं असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो.

आता 'पंप' या शब्दाबद्दल. मला तो इथे धोक्याचा वाटतो. आपल्याकडे पंप म्हटलं की दमा. दम्याचा पंप श्वासनळ्या मोकळ्या करतो. ही पावडर उलट त्या आवळू शकते! ज्यांना दमा, सीओपीडी किंवा फुप्फुसाचा दुसरा जुनाट आजार आहे, त्यांना हे औषध सुचवलं जात नाही. म्हणजे घरात दोन्ही आजार असलेले आजोबा असतील, तर परदेशाहून आलेला खोका उघडायचाच नाही, आधी डॉक्टरांकडे जायचं. शिवाय दम्याच्या यंत्रात ही कॅप्सूल घालायची नाही, आणि ह्या यंत्रात दम्याची घालायची नाही.

कॅप्सूल गिळण्याच्या कॅप्सूलसारखीच दिसते, त्यामुळे सवयीने तोंडात जाते. पाण्याचा पेला शेजारी ठेवलेला असला तर हमखास. ही कॅप्सूल गिळायची नाही. ती यंत्रात बसवायची, यंत्र दाबून तिला भोक पाडायचं आणि श्वासाबरोबर पावडर ओढायची. यंत्रात एका वेळी एकच कॅप्सूल. हात कोरडे हवेत, पट्टीतून कॅप्सूल वापरायच्या क्षणीच काढायची. यंत्र तोंडापासून दूर धरून श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून खोल, एकसारखा ओढायचा. आत कॅप्सूल गरगरल्याचा आवाज यायला हवा. मग ५ सेकंद श्वास रोखायचा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायची. हे सगळं ऑफमध्ये थरथरत्या हातांना जमत नाही, म्हणून भरण्याचं काम घरच्यांनी शिकून घ्यावं. सराव मात्र बाबा चांगले हिंडतफिरत असतानाच करावा.

एका ऑफसाठी एक मात्रा, म्हणजे २ कॅप्सूल, एकीमागून एक. फरक वाटला नाही म्हणून त्याच ऑफमध्ये आणखी नाही. दिवसात जास्तीत जास्त ५ मात्रा, म्हणजे १० कॅप्सूल. आकड्यांची एक गंमत आहे, पण घोळ करणारी: अमेरिकेच्या खोक्यावर एका कॅप्सूलवर ४२ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, युरोपच्या खोक्यावर ३३. कॅप्सूल तीच. एक जण आतली पावडर मोजतो, दुसरा यंत्रातून बाहेर पडणारी. म्हणून मिलिग्रॅम जुळवत बसू नका, कॅप्सूल मोजा.

खोकला येईल, तो बऱ्याच जणांना येतो. थुंकीचा रंग बदलला तर घाबरू नका. पण छाती आवळली, धाप लागली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. बसल्या जागी अचानक झोप लागू शकते, म्हणून गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. नसलेली माणसं दिसू लागली, किंवा बाबा अचानक जुगाराच्या, खरेदीच्या नादी लागले, तर लाजून लपवू नका.

डॉक्टरांना भेटताना सगळ्या औषधांची यादी न्या. नैराश्याच्या काही जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ फेनेल्झिन, बंद करून २ आठवडे झाले नसतील तर हे औषध चालत नाही. आणि यादीत घरचं चूर्णही लिहा. खाजकुहिलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या बियांत लेव्होडोपाच असतो. "ते तर आयुर्वेदिक" म्हणून बहुतेक घरांत नेमकं तेच सांगायचं राहून जातं.