गरोदरपणातला रोजा : सवलत घेण्यात कमीपणा नाही

रमजानच्या पहाटे सहरीसाठी सगळे घर उठते. त्या दस्तरखानावर सहावा महिना लागलेली सूनही बसलेली असते. तिने रोजा ठेवायचा की नाही, हे कुणी विचारत नाही आणि तीही बोलत नाही. ‘आमच्या वेळी आम्ही सगळे रोजे ठेवले,’ हे सासूबाईंचे वाक्य तिने ऐकलेले असते. ज्या रोजा ठेवत नाहीत, त्यांच्यापैकी अनेकजणी दुपारी स्वयंपाकघराचे दार लोटून चोरून दोन घास खातात, जणू काही गुन्हाच करत आहेत.

वास्तविक यात गुन्हा काहीच नाही. कुरआनच्या ज्या सूरह बकरामध्ये रोजे अनिवार्य केले आहेत, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला ते नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. लोकांना अडचणीत टाकणे हा रोजाचा हेतू नाही, हेही तिथेच स्पष्ट केले आहे. हदीसमध्ये प्रवाशाच्या जोडीला गर्भवती आणि अंगावर पाजणारी आई यांचाही उल्लेख येतो. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होण्याची भीती असेल, तर तिने रोजा सोडावा आणि पुढे त्याची ‘कजा’ करावी, म्हणजे तितके रोजे भरून काढावेत. हनफी मतानुसार एवढे पुरेसे आहे. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई मताचे. तिथे केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल, तर कजासोबत फिदया, म्हणजे गरिबाला धान्य, द्यावा लागतो. तपशिलात फरक आहे, सवलतीबद्दल दुमत नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगते? गरोदरपणात बराच वेळ उपाशी राहिल्यास रक्तातली साखर एरवीपेक्षा लवकर उतरते. २०१८ साली २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात रोजामुळे बाळाचे वजन घटल्याचे किंवा प्रसूती वेळेआधी झाल्याचे दिसले नाही. मात्र इतर परिणामांबद्दल ठाम सांगण्याइतकी माहिती नाही, असेही त्यात नमूद आहे. म्हणजे निरोगी स्त्रीने घाबरून जायला नको आणि कुणी गृहीतही धरायला नको. आपल्या देशात तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे. रक्त कमी असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर निर्णय डॉक्टरांना विचारूनच व्हावा.

रोजा ठेवणाऱ्या गर्भवतीनेही काही पथ्ये पाळावीत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. इफ्तारनंतरचे जेवण आणि सहरी अशी वाटणी करता येते. इफ्तारला भजी-समोशांवर भर न देता खजूर, डाळ, अंडी, भाजी असावी आणि रात्रभर थोडे थोडे पाणी प्यावे. चक्कर आली, लघवी फार कमी झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मगरिबच्या अजानची वाट न पाहता रोजा सोडावा आणि दवाखाना गाठावा.

आणखी एक गैरसमज महागात पडतो. रक्त तपासायला दिले किंवा सुई टोचली की रोजा तुटतो, असे समजून अनेकजणी महिनाभर तपासणीच टाळतात. तपासणीपुरते रक्त दिल्याने किंवा धनुर्वाताच्या लसीने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी असते. ती रमजानमध्येही चुकवू नये.

राहता राहिली कजा. मे महिन्यात आपल्याकडे रोजा चौदा तासांहून मोठा असतो, डिसेंबरमध्ये तो सुमारे सव्वाबारा तासांचा. हिवाळ्यात हे रोजे जमतात. पण घरात बाकी सगळे जेवत असताना तिला एकटीने उपाशी राहावे लागते. त्या पहाटे सासूबाई किंवा नवरा तिच्यासोबत सहरीला उठले, तर तिचे ओझे निम्मे होईल.

हरतालिकेच्या निर्जळी उपवासात ‘तू दूध-फळे घे गं’ म्हणून गरोदर सुनेला आग्रह करणारी सासू शेजारच्या घरात असतेच. रमजानच्या दुपारी तसेच एक ताट सुनेपुढे उघडपणे वाढले जावे. तिला दार लोटण्याची गरज पडू नये.