‘डब्ल्यूए०००३’ नेमका कुणाच्या शेताचा? शेकडो फोटोंची नावं एका फटक्यात बदलायची रीत

आजच्या भागाचा हा लेखी उतारा. ऐकता ऐकता ज्यांना बटणं लिहून घेता आली नाहीत, त्यांच्यासाठी सगळं नीट क्रमानं दिलंय.

सप्टेंबर २०२५ आठवतोय ना? परंडा, भूम भागात नदी-ओढ्यांचं पाणी शेतात आणि घरात शिरलं होतं. अशा वेळी आपण पहिलं काय करतो? मोबाइल काढतो. सोयाबीन आडवं पडलेलं, बांध फुटलेला, विहीर गाळानं भरलेली, सगळ्याचे फोटो. पंचनामा तलाठी, कृषी सहायक करतात, अधिकृत कागद तोच. पण ‘दादा, बांध कधी फुटला, दाखवा बरं’ असं कुणी विचारलं, तर आपण दोन हजार फोटो वर-खाली सरकवत बसतो. फोटो असतो, फक्त सापडत नाही. न सापडणारा फोटो असून नसल्यासारखाच.

मोबाइलनं दिलेलं नाव काय सांगतं?

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव साधारण असं असतं: आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे. इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ती तारीख फोटो काढल्याची नसून तुमच्या मोबाइलवर आल्याची असते. बावीस तारखेचा फोटो चुलत्यांनी पंचवीसला पाठवला, तर नावात पंचवीस येणार. दोन, प्रत्येक मोबाइल आपापले आकडे मोजतो. त्यामुळे त्याच तारखेचा ‘डब्ल्यूए०००३’ तुमच्याकडेही असतो आणि भावाकडेही, पण फोटो मात्र वेगळे!

खरा धोका इथंच आहे. दोघांचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर एकाच फोल्डरमध्ये टाकले की विंडोज विचारतं, ‘रिप्लेस’ करू का? घाईत हो म्हटलं की एकाचा फोटो दुसऱ्यावर चढला. आधीचा गेला. म्हणून नियम पहिला: प्रत्येक मोबाइलसाठी वेगळा फोल्डर.

काही पिक्सेल फोनची अजून एक गंमत. त्यांच्या फाइलच्या नावातली वेळ भारतीय नसते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तेवीस तारखेला पहाटे चारला काढलेल्या फोटोच्या नावात बावीस तारीख दिसते.

मग खरी तारीख कुठं असते?

फोटोच्या पोटात. कॅमेरा फोटो काढताना तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही फाइलच्या आत लिहून ठेवतो. याला एक्झिफ म्हणतात. नाव बदललं तरी ही माहिती तशीच राहते, त्यामुळे नाव बदलायला बिनधास्त असा. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि आतली माहिती पुसली जाते. म्हणून महत्त्वाचा फोटो मागवताना सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

आता कामाला लागू

१. मोबाइल केबलनं कॉम्प्युटरला जोडा. स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनमध्ये ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम फोल्डरमध्ये असतात.

२. फोटो कॉम्प्युटरवर कॉपी करा. ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर ठेवा आणि त्याला परत हात लावू नका. त्याचीच दुसरी कॉपी करा. नावं बदलायची ती या दुसऱ्या कॉपीत.

३. फोल्डर ‘डिटेल्स’ व्ह्यूमध्ये उघडा. वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘डेट टेकन’ हा रकाना आणा आणि त्यानुसार फोटो लावा. ‘डेट क्रिएटेड’वर जाऊ नका. कॉपी केली की ती तारीख कॉपी केल्याच्या दिवसाची होते.

४. एका दिवसाचे, एका जागेचे फोटो निवडा. पहिल्यावर क्लिक, मग शिफ्ट दाबून शेवटच्यावर. आता एफ-२ दाबा, नाव टाइप करा, एंटर. विंडोज सगळ्यांना तेच नाव देऊन पुढं कंसात १, २, ३ लावतं. गडबड झाली? लगेच कंट्रोल-झेड दाबा, जुनी नावं परत.

मॅक असेल तर फोटो निवडून राइट क्लिक, मग ‘रिनेम’. तिथं ‘नेम अँड इंडेक्स’ हा पर्याय मिळतो.

नाव कसं असावं?

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा, मग विषय. उदाहरणार्थ: २०२५-०९-२२_ओढ्याकाठचं-शेत_बांध. (इथं आकडे देवनागरीत छापलेत. कॉम्प्युटरवर इंग्रजी आकडे टाका.)

वर्ष आधी का? कॉम्प्युटर नावं डावीकडून वाचत लावतो. ०५-०९-२०२५ आणि ०१-१०-२०२५ अशी नावं दिली, तर ऑक्टोबरचा फोटो सप्टेंबरच्या आधी येतो. वर्ष पुढं घेतलं की क्रम आपोआप सुटतो. तारीख लिहायचा आंतरराष्ट्रीय नियमही हाच आहे. तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह विंडोज नावात घेत नाही, म्हणून मधे आडवी रेघ.

क्रमांक स्वतः टाकणार असाल तर ००१, ००२ असे टाका. १, २, १० असे आकडे विंडोजला कळतात, पण टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की तिथं कदाचित १ नंतर थेट १० येईल. मराठी नावं विंडोजला चालतात. पण एखादा ऑनलाइन फॉर्म ती घेत नसेल, तर तेवढ्या कॉपीला इंग्रजी अक्षरांतलं नाव द्या.

उस्मानाबादचं धाराशिव, फाइलमध्येसुद्धा

२०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. पण घरच्या कॉम्प्युटरवर काय आहे? अर्धे फोल्डर जुन्या नावाचे, अर्धे नव्या. एक नाव शोधलं की दुसरे दिसतच नाहीत. यासाठी मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉईज’ हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘पॉवररिनेम’ आहे. फाइली निवडा, राइट क्लिक करून ते उघडा, वरच्या चौकटीत ‘उस्मानाबाद’, खालच्या चौकटीत ‘धाराशिव’ टाका. जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी दिसतं. नीट बघा, मगच ‘अप्लाय’ करा.

एक सावधगिरी: दाखला किंवा सातबारा स्कॅन केलेला असेल, तर फाइलचं नाव बदलल्यानं आतल्या कागदावरचं नाव बदलत नाही. तिथं ‘धाराशिव_जुना-दाखला-उस्मानाबाद’ अशी दोन्ही नावं ठेवा, म्हणजे कसंही शोधलं तरी सापडेल.

शेवटचं, आणि कामाचं

कोणती विहीर, कुणाचा बांध, हे फोटोच्या पोटात लिहिलेलं नसतं. ते आपल्याला आज आठवतं. दोन पावसाळ्यांनंतर आठवेलच असं नाही. घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवा, एकेक फोटो दाखवा आणि ते सांगतील ते नाव टाका. सगळे फोटो एका दिवसात होणार नाहीत. या रविवारी एकच दिवस निवडा, पाऊस झाला तो. तेवढा झाला तरी पुष्कळ.

अडलं कुठं तर विचारा. भेटू पुढच्या भागात!