उच्च एन्ट्रॉपी मिश्रधातूंच्या चुंबकीय गुणधर्मांवर मिश्रक मूलद्रव्यांचा परिणाम : एक विवेचन

चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे सूरजागडच्या लोहखनिजावर आधारलेला स्पंज आयर्नचा कारखाना उभा राहिला आहे, तर शेजारच्या चंद्रपुरात 'सेल'च्या प्रकल्पात फेरोमँगनीज तयार होते. पोलादात मँगनीज मिसळले की त्याचे बळ वाढते, हे या परिसरास नवे नाही. मात्र तेच मँगनीज लोहाचे चुंबकत्व हिरावूनही घेते. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये तयार केलेले, सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले पोलाद खनिज भरडणाऱ्या यंत्रांच्या जबड्यांसाठी आजही वापरतात. त्यात लोह बहुसंख्य असूनही लोहचुंबक त्यास चिकटत नाही. चुंबकत्व ही घटकांची साधी बेरीज नव्हे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. उच्च एन्ट्रॉपी मिश्रधातूंत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

पारंपरिक मिश्रधातूत एक धातू प्रमुख व इतर अल्प असतात. याउलट या नव्या वर्गात साधारणतः पाच किंवा अधिक मूलद्रव्ये जवळजवळ समान प्रमाणात असतात. २००४ मध्ये तैवानचे जिएन-वेई येह व इंग्लंडचे ब्रायन कँटर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे हे संशोधन प्रसिद्ध केले. भारतात एस. रंगनाथन यांनी २००३ मध्येच या कल्पनेकडे लक्ष वेधले होते. पुढे नागपुरात धातुशास्त्राचे शिक्षण घेतलेले बी. एस. मूर्ती, येह व रंगनाथन या तिघांनी मिळून २०१४ मध्ये या विषयावरील पहिला ग्रंथ सिद्ध केला.

लोह, कोबाल्ट व निकेल यांचे समप्रमाण मिश्रण तीव्र लोहचुंबकीय असते. त्यात क्रोमिअम व मँगनीज समप्रमाणात मिसळले की कँटर मिश्रधातू तयार होते आणि ती सामान्य तापमानास समचुंबकीय, म्हणजे व्यवहारतः अचुंबकीय ठरते. क्रोमिअम व मँगनीज यांच्या अणूंना चुंबकीय आघूर्ण असते. परंतु ते शेजारच्या अणूंच्या विरुद्ध दिशेस वळू पाहते. जुंपलेले बैल विरुद्ध दिशांना ओढू लागले तर गाडी जागची हलत नाही, तसाच हा प्रकार होय.

ॲल्युमिनिअमचा परिणाम याहूनही विचार करावयास लावणारा आहे. त्याच्या अणूला स्वतःचे आघूर्ण नसल्याने ते मिसळल्यास चुंबकत्व विरळ व्हावे, अशीच अपेक्षा असते. आणि लोह-कोबाल्ट-निकेलमध्ये तसे घडतेही. परंतु मँगनीजयुक्त लोह-कोबाल्ट-निकेलमध्ये समप्रमाणात ॲल्युमिनिअम घातल्यावर संपृक्त चुंबकन प्रतिग्रॅम सुमारे १८ वरून १४८ इमूपर्यंत वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. गॅलिअम किंवा कथिल घातल्यास ते सुमारे ८० इमू भरते. ॲल्युमिनिअममुळे फलककेंद्रित स्फटिकरचना बदलून कायकेंद्रित प्रकारची होते, इलेक्ट्रॉनांची ऊर्जास्थितीही बदलते, आणि विरोधात उभे असलेले मँगनीजचे अणू इतरांच्या दिशेस वळतात. एकच मूलद्रव्य एका मिश्रणात मारक व दुसऱ्यात तारक ठरते ते यामुळेच.

मोटारी व रोहित्रांच्या गाभ्यासाठी केवळ मोठे चुंबकन पुरत नाही. चुंबकन शून्यावर आणण्यास लागणारे उलट क्षेत्र, म्हणजे कोअर्सिव्हिटी, अल्प असावी लागते. आवर्त प्रवाह रोखण्यासाठी विद्युतरोध अधिक हवा. बळ वाढविण्यासाठी सूक्ष्म कण निर्माण केले की तेच कण चुंबकीय क्षेत्रखंडांच्या सीमा अडवितात, ही जुनी अडचण आहे. २०२२ मध्ये जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने तयार झालेल्या मिश्रधातूत लोह, कोबाल्ट व निकेलबरोबर टँटलम व ॲल्युमिनिअम यांचा वापर झाला. त्यातील सुमारे ९१ नॅनोमीटरच्या कणांचे प्रभावक्षेत्र सीमेच्या जाडीहून कमी राहते. परिणामी १३३६ मेगापास्कल ताणबळ असूनही कोअर्सिव्हिटी अवघी ७८ अँपिअर प्रतिमीटर भरली.

कोबाल्ट व टँटलम महाग आहेत, आणि कोबाल्टसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. म्हणून कोबाल्ट कमी करून लोह व मँगनीजचा वाटा वाढविण्याचा प्रयत्न स्वाभाविक ठरतो. विदर्भात ही दोन्ही खनिजे आहेत. तेथे मँगनीजला योग्य दिशेस वळविणारे ॲल्युमिनिअमसारखे मिश्रक किती घालावे, हाच कळीचा प्रश्न राहतो, कारण त्याचे प्रमाण वाढले की मिश्रधातू ठिसूळ होऊ लागते.