सहा दशांश मिलिमीटरची गोष्ट

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉप रात्रभर चालू ठेवून झोपणारी मंडळी तुमच्याही हॉस्टेलमध्ये असतील. 'स्वीप लावलाय' एवढंच उत्तर देऊन ती गप्प होतात. हा स्वीप म्हणजे नक्की काय आणि त्यापायी एवढी झोपमोड कशासाठी?

रात्रीचे दोन वाजलेत. खोलीतला दिवा बंद, पण लॅपटॉपचा पंखा आत्ता उडेल की मग, असा घोंगावतोय. चार्जरवर चिठ्ठी चिकटवलेली: 'कृपया हात लावू नये. स्वीप चालू आहे.' माझी रूममेट ई अँड टीसीच्या फायनल इयरला, मी मास कॉमवाली. पहिल्यांदा ती चिठ्ठी वाचली तेव्हा मला खरंच वाटलं, की हिने खोली झाडायची पाळी आठवण म्हणून लिहून ठेवलीये!

तर मंडळी, प्रकरण वेगळं होतं. तिच्या ग्रुपला वायफायसाठी एक पॅच अँटेना बनवायचा होता. दिसायला अगदी साधा. सर्किट बोर्डसाठी वापरतात ती एफआर-फोरची १.६ मिलिमीटर जाडीची शीट, मागे सगळीकडे तांबं आणि पुढे तांब्याचा एक छोटासा आयत. पुस्तकातला फॉर्म्युला लावला, की २.४५ गिगाहर्ट्झसाठी त्या आयताची लांबी येते साधारण २८.८ मिलिमीटर आणि रुंदी ३७.३. मग कापा तांबं आणि व्हा मोकळे, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते.

एक मिलिमीटरने काय होतं?

बरंच काही होतं. लांबी एक मिलिमीटरने वाढली, तर हा अँटेना जवळपास ८० मेगाहर्ट्झने खाली सरकतो. वायफायचा हा पट्टा आहे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे अख्खा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा. थोडक्यात, एका मिलिमीटरची चूक केलीत की अँटेना वायफायच्या गल्लीतून बाहेर! फॉर्म्युला तुम्हाला त्या गल्लीच्या तोंडाशी नेऊन सोडतो, नेमकं घर शोधायचं काम सिम्युलेशनचं.

एचएफएसएस, सीएसटी ही नावं तुम्ही लॅबमध्ये ऐकली असतील. ही सॉफ्टवेअर्स अँटेनाचे आणि आजूबाजूच्या हवेचे हजारो-लाखो बारीक तुकडे पाडतात आणि त्या सगळ्यांत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र कसं पसरेल ते काढतात. त्यामागची मॅक्सवेलची समीकरणं १८६५ सालची. ती अशा चौकटींच्या जाळ्यात बसवून कॉम्प्युटरकडून सोडवायची एक गाजलेली पद्धत केन यी यांनी १९६६ साली मांडली. म्हणजे आपल्या लॅपटॉपचा पंखा ज्याच्यामुळे ओरडतो, ते गणित आपल्या आईबाबांपेक्षाही म्हातारं आहे.

आता पॅरामीटर स्वीप. सोपं करून सांगते. टपरीवर चहा फर्मास जमवायचाय. साखर अर्धा चमचा, पाऊण, एक... असं बदलत दर वेळी नवा चहा टाकायचा आणि चाखून वहीत लिहायचं. इथे साखरेच्या जागी पॅचची लांबी, रुंदी आणि केबल कुठे जोडायची ती जागा. चाखण्याच्या जागी एक ग्राफ. अँटेनात पाठवलेल्या पॉवरपैकी किती उलटी परत येते, ते हा ग्राफ दाखवतो. उणे १० डीबी म्हणजे दहा टक्के परत, उणे २० म्हणजे फक्त एक टक्का. हव्या त्या फ्रीक्वेन्सीवर ग्राफला खोल खड्डा पडला की पोरं टाळ्या देतात. खड्डा बघून पुणेकर खूश होतो अशी ही बहुधा एकमेव जागा!

१३३१ रन आणि एक लाइट

पहिल्या झटक्यात माझ्या रूममेटने तिन्ही गोष्टींच्या प्रत्येकी ११ किमती टाकल्या. ११ गुणिले ११ गुणिले ११ म्हणजे १३३१ रन. एका रनला तीन मिनिटं धरा. झाले साडेसहासष्ट तास! जवळपास पावणेतीन दिवस. 'होऊन जाईल गं,' म्हणून तिने बटण दाबलं. दुसऱ्या रात्री हॉस्टेलची लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी तर आधीच निवृत्त झालेली. सकाळी उठून बघतो तर स्क्रीन काळी. मधले निकाल सेव्ह व्हायचं सेटिंग तिने केलंच नव्हतं. ती रडली नाही, पण त्या दिवशी नाश्त्याला आली नाही.

संध्याकाळी सीनियरने एकच प्रश्न विचारला, 'अगं, तिन्ही गोष्टी एकदम कशाला फिरवतेस?' मुद्दा बरोबर होता. फ्रीक्वेन्सी मुख्यतः लांबीवर ठरते. पॉवर नीट आत जाते की नाही, ते केबलच्या जागेवर. रुंदीचा परिणाम त्यामानाने कमी. मग आधी लांबीच्या सात किमती, प्रत्येकीसोबत केबलच्या पाच जागा. ३५ रन, पावणेदोन तास. खड्डा कुठे पडतोय ते कळलं, की तेवढ्याच भागात बारीक पावलं टाकायची. रात्री जेवून येईपर्यंत उत्तर तयार होतं: लांबी २८.६.

खरी परीक्षा पुढेच

बुधवार पेठेतून शीट आणि कनेक्टर आणला, एचिंग झालं, सोल्डरिंग झालं. लॅबमधल्या नेटवर्क अ‍ॅनालायझरला अँटेना जोडला. स्क्रीनवर खड्डा पडला, झकास पडला, पण २.४५ ऐवजी २.४० गिगाहर्ट्झच्या आसपास. वायफायचा अर्धा पट्टा बाहेर. सबमिशनला उरले होते चार दिवस.

इथे जे घडलं त्यासाठी मी हा लेख लिहितेय. ग्रुपमधला एक जण म्हणाला, 'सिम्युलेशनचाच ग्राफ थोडा हलवून मेजर्ड म्हणून लावू. कोण बघतंय?' असं करणारे असतात, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. खोलीत दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग माझी रूममेट म्हणाली, 'आज रात्री अजून एक स्वीप लावते. उद्या बघू.'

या वेळी तिने मापं हलवलीच नाहीत. एफआर-फोर हे काही अँटेनासाठी बनवलेलं मटेरियल नाही. त्याचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट पुस्तकात ४.४ छापलेला असतो, पण प्रत्यक्षात शीटगणिक तो कमी-जास्त होतो. तिने तोच ४.२ पासून ४.७ पर्यंत फिरवला. ४.६ला सिम्युलेशनचा खड्डा मोजलेल्या खड्ड्यावर जाऊन बसला. म्हणजे गणित चुकलं नव्हतं, बाजारातून आलेली शीट पुस्तकातल्यासारखी नव्हती! मग त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर लांबी २८.० करून दुसरा अँटेना बनवला. फरक सहा दशांश मिलिमीटरचा. खड्डा २.४५च्या जवळ आला.

रिपोर्टमध्ये त्यांनी दोन्ही अँटेनांचे ग्राफ लावले, फसलेल्याचाही. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी सगळ्यात जास्त वेळ त्या फसलेल्या ग्राफवरच प्रश्न विचारले. आणि या मुलांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं, कारण ते सगळं त्यांच्यावर खरंच गुदरलं होतं.

पुढची पायरीही भारी आहे. हाताने किमती ठरवण्याऐवजी कॉम्प्युटरलाच आकार 'उत्क्रांत' करू द्यायचा. नासाच्या एम्स सेंटरमध्ये असाच जेनेटिक अल्गोरिदमने एक अँटेना घडवला. वाकवलेल्या पेपरक्लिपसारखा वेडावाकडा दिसणारा तो अँटेना २००६ साली एसटी-५ मोहिमेतल्या चिमुकल्या उपग्रहांसोबत अवकाशात गेलासुद्धा.

स्वीप लावणार असाल तर...

- आधी हिशेब करा: किमतींचा गुणाकार गुणिले एका रनचा वेळ. आकडा बघून घाम फुटला तर किमती कमी करा.

- आधी मोठी पावलं, मग बारीक. पण पाऊल फार मोठं नको, नाहीतर अरुंद खड्डा दोन पावलांच्या मधेच लपून राहील.

- जाळी किती बारीक हवी ते आधीच तपासा. जाळी बारीक केल्यावर ग्राफ सरकत असेल, तर तुम्ही अँटेना नाही, जाळी मोजताय. मात्र यींच्या पद्धतीत चौकट अर्धी केली की काम साधारण सोळापट वाढतं, हेही लक्षात असू द्या.

- फक्त मापं नको, मटेरियलही फिरवून बघा.

- लायसन्स नाही म्हणून अडू नका. ओपनईएमएस फुकट आहे आणि एचएफएसएस बनवणाऱ्या कंपनीची मर्यादित स्टुडंट आवृत्तीही मोफत मिळते.

- ऑटोसेव्ह! ऑटोसेव्ह! ऑटोसेव्ह!

आमच्या खोलीतली चिठ्ठी अजून तिथेच आहे. फक्त खाली एक ओळ वाढलीये: 'लाइट गेल्यास उठवणे.'