झोळीतले लेकरू आणि लढाईच्या काळातली मुंबई

हिवाळ्यात नंदुरबारला उतरलेल्या पाहुण्याला हे गाव डोळ्यांआधी नाकाला कळते. मिरचीच्या पथाऱ्या लालभडक पसरलेल्या असतात आणि आमच्या माता-भगिनी सकाळपासून देठ खुडत बसलेल्या असतात. जिच्या घरी लेकरू सांभाळायला सासू-नणंद नाही, ती तान्ह्याला सोबत आणते आणि बाजूला झोळी बांधते. मिरचीचा खकाणा आईच्या नाकात जातो तसा लेकराच्याही जातो.

ही झोळी पाहिली की दुसऱ्या महायुद्धातल्या मुंबईच्या आयांची आम्हाला आठवण होते. 1939 साली लढाई पेटली. सैन्याला कापड हवे म्हणून गिरण्या रात्रंदिवस धडधडू लागल्या. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. गावकीला आणि उपासमारीला कंटाळलेली आपली माणसे कोकणातून, देशावरून, खानदेशातून मुंबईची वाट धरत होती. काम उदंड होते असे म्हणतात. पण ते कोणासाठी?

बायकांना रात्रपाळी कायद्याने बंद होती. कायदा त्यांच्या भल्यासाठीच केलेला, पण लढाईने वाढवलेली ही कमाई त्यामुळे पुरुषांच्याच वाट्याला गेली. साचेखात्यात चार पैसे जास्त मिळत, पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आमचा धोटा बाटेल, असे सवर्ण विणकर म्हणत. (लढाईत मरणाऱ्या शिपायाच्या अंगावरचे कापड कोणी विणले हे कोणी विचारत नसेल!) मग आपल्या बाईला मिळे ते वाइंडिंग किंवा रिळाचे खाते. पगार कामाच्या मापावर. त्यातही कामावर लावणाऱ्या नाईकिणीला दस्तुरी द्यावी लागे.

आणि राहायचे कुठे? बी. डी. डी. चाळीतली खोली अवघी 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. अशा एका खोलीत कुटुंब, गावचा भाचा आणि पाठोपाठ आलेले त्याचे मित्रही राहत. म्युनिसिपालिटीच्या सफाई कामगारांना चाळ मिळे, पण नोकरी सुटली की खोलीही सुटली. नवरा गेलेल्या बाईला दीर-भावाच्या खोलीतला कोपरा धरून राहावे लागे. काही जणी खाणावळ चालवत. चार-पाच गिरणी कामगारांच्या भाकरी थापायच्या आणि त्यातच आपले नि पोरांचे भागवायचे. आपल्या बाईच्या हातचे इतर कामगार खात नसत, म्हणून तिची गिऱ्हाईकेही आपलीच, म्हणजे तिच्याइतकीच गरीब. 1943 च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आले आणि धान्य मोजून मिळू लागले.

कामावर जाताना लेकराचे काय करायचे, ही सगळ्यात कठीण गोष्ट. ते दिवसभर झोपून राहावे म्हणून अनेक आया त्याला अफूची बाळागोळी देत. आज ऐकताना अंगावर काटा येतो. त्या आयांना दोष देण्याआधी वाचक भगिनींनी घटकाभर त्यांच्या जागी उभे राहून पाहावे.

14 एप्रिल 1944. त्या दिवशी भीमजयंती. दुपारी 4 वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. आग मांडवी-मशीद बंदर भागात पसरली. शेकडो माणसे दगावली आणि हजारोंचे छप्पर गेले. लढाई मुंबईला अशी शिवली.

हे सगळे आपल्या बायका मुकाट्याने सोसत होत्या असे मात्र कोणी समजू नये. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. बाबासाहेब हजर होते. लढाई ऐन भरात होती आणि या बायकांनी ठरावात काय मागावे? गिरण्या, विडी कारखाने, म्युनिसिपालिट्या आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि 20 वर्षे नोकरीनंतर महिना 15 रुपये पेन्शन! आम्हाला हा ठराव एखाद्या मोठ्या भाषणाइतकाच मोलाचा वाटतो. 15 रुपये पेन्शन म्हणजे म्हातारपणी दिराच्या कोपऱ्यावर अवलंबून न राहण्याची सोय.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. बाळंतपणाच्या भत्त्याचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. 1928 साली मुंबई कौन्सिलात त्या बिलाच्या बाजूने ते बोलले होते. लढाईत कोळसा कमी पडला म्हणून 1943 मध्ये सरकारने खाणीत बायकांना पुन्हा खाली उतरवले. त्यावर टीका झाली आणि उत्तर देण्याची पाळी बाबासाहेबांवर आली. त्या बायांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी मध्यवर्ती विधानसभेत सांगितले. 1946 साली ती बंदी पुन्हा लागू झाली.

1948 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक बाया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. 1976 साली ही संख्या 30 वर आली. मिरचीच्या पथारीवर बसणाऱ्या बाया 30 हून जास्त असोत की कमी, तिथे झोळी आईनेच बांधायची असते, आपल्याच जुन्या लुगड्याची.