कुर्ती, काठ आणि मावळातली ओल

लोणावळ्यात ऑनलाइन विक्रीच्या कपड्यांसाठी स्टुडिओ काढतोय म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो महागड्या कॅमेऱ्याचा आणि दुसरा इथल्या निसर्गाचा. सल्ला देणाऱ्याने स्वतः ऑनलाइन एक कुर्तीही विकलेली नसते.

गैरसमज: इथला निसर्ग हाच स्टुडिओ, दिवे कशाला?

लग्नाआधीच्या फोटोंना धबधबा शोभतो. अ‍ॅमेझॉनला मात्र मुख्य फोटोत निव्वळ पांढरी पार्श्वभूमी लागते आणि चौकटीचा किमान 85 टक्के भाग मालाने भरलेला लागतो. ढगाळ उजेड मऊ असतो, हे खरं. पण जुलैत धुकं घटकेत खिडकीशी येतं, घटकेत जातं. एकाच ताग्यातल्या कुर्त्यांचे फोटो काढले तर सकाळची निळसर आणि दुपारची पिवळट दिसते. दोन चांगले एलईडी दिवे आणि खिडकीला जाड पडदा हा त्यावरचा उपाय. दिवे घेताना वॅटच्या आधी सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, पाहा. तो 95 च्या वर असला तर रंग खरे येतात. साध्या ट्यूबलाइटचा उजेड त्यात मिसळू देऊ नका. भिंतीही पांढऱ्याच हव्यात. पोपटी भिंतीची झाक पांढऱ्या कुर्त्यावर उतरते आणि नंतर संगणकावर ती काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे दिसले तर शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवून पाहा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

गैरसमज: रंग जरा उठावदार केले की माल खपतो.

खपतो, आणि परतही येतो. या प्रश्नाचा एक जुना धागा मावळातच आहे. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे मळवलीला हलला. दादासाहेब फाळके यांनीही तिथे काम केलं होतं. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि साडीचा काठ, पदर, दागिने असे एकावर एक ठसे बसवत चित्र पुरं होई. लक्ष्मी-सरस्वतीच्या साडीचा रंग चढा छापला तरी कोणी परत पाठवत नव्हतं. तुमचं गिऱ्हाईक पाठवेल. म्हणून प्रत्येक खेपेच्या सुरुवातीला करड्या कार्डाचा एक फोटो घ्या, त्यावरून व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि तो ऑटोवर सोडू नका. राणी, जांभळा, मोरपंखी हे रंग तरीही दगा देतात; कापड संगणकाच्या पडद्याशेजारी धरून डोळ्यांनीच ताडून पाहावं लागतं. धूपछाव रेशीम तर कोनागणिक बदलतं, त्याचे दोन फोटो द्या.

गैरसमज: मोठा हॉल हवा, नाहीतर बंगला भाड्याने घ्यावा.

गरज नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स असेल तर पुतळ्यावरचा पायघोळ ड्रेस साधारण तीन मीटरवरून चौकटीत बसतो. पुतळ्यामागे पडद्यापर्यंत मीटरभर आणि तुम्हाला उभं राहायला थोडी जागा धरली तर सोळा-सतरा फूट लांबीची खोली पुरते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला 35 मिमीची लेन्स लावा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने जवळून काढलात तर खांदे फुगतात आणि खालचा घेर आक्रसतो. त्यापेक्षा दोन पावलं मागे जा आणि 2एक्स वापरा.

पांढऱ्यावर पांढरा कुर्ता हरवत असेल तर दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळे पुठ्ठे उभे करा. कडा लगेच उठून दिसतात.

गैरसमज: कॅमेरा चांगला असला की झालं.

इस्त्रीचं काय? कपड्याच्या फोटोत सगळ्यात आधी दिसते ती चुणी. स्टीमर, टाचण्या आणि पाठीमागून कपडा आवळायला चिमटे यांनी जेवढा फरक पडतो तेवढा कॅमेरा बदलून पडत नाही. आणि मावळात त्याहून मोठा शत्रू आहे ओल. पावसाळ्यात लोणावळ्यात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस 90 टक्क्यांच्या वर असते. सुती कापड पाणी शोषतं, खळ मऊ पडते, सकाळी कडक केलेली कॉटनची साडी दुपारी मान टाकते. पार्श्वभूमीच्या कागदाच्या गुंडाळीला लाटा येतात, म्हणून इथे पीव्हीसीचा पडदा बरा. लेन्सला बुरशी लागते, ती आधी काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. कातडी पिशवीत लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक घ्या. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू द्या. सिलिका जेल ओलावलं की तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात.

गैरसमज: नाव लोणावळ्याचं, म्हणून स्टुडिओही लोणावळ्यातच हवा.

ऑनलाइन गिऱ्हाइकाला स्टुडिओचा पत्ता दिसतच नाही. घाटमाथ्यावरून पूर्वेला कामशेत, वडगाव, तळेगाव असं येत जावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि पुणे-लोणावळा लोकल या सगळ्या ठिकाणी थांबते. कपड्यांसाठी तळेगाव-वडगाव अधिक सोयीचं, असं माझं स्पष्ट मत. तरीही लोणावळ्यातच जागा घ्यायची असेल तर ती मे महिन्यात पाहून बयाणा देऊ नका. मे महिन्यात तिथली प्रत्येक खोली कोरडी असते. जुलैत जा, भिंतीला हात लावून बघा, कपाटाचा वास घ्या आणि मगच करार करा.